डिलीलच्या जेस्मिन वॉर्ड

हे डिलील. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातलं, समुद्रकिनाऱ्याजवळचं छोटंसं गाव. कादंबरीकार जेस्मिन वॉर्ड इथेच लहानाच्या मोठ्या झाल्या. आई घरकाम करायची. ती ज्या श्रीमंत गोऱ्या कुटुंबाकडे कामाला होती, त्यांनीच जेस्मिनच्या खासगी शाळेची फी भरली. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठ.

2000 साली धाकटा भाऊ जोशुआ गेला. दारू प्यायलेल्या गोऱ्या चालकाने त्याच्या गाडीला मागून धडक दिली होती. चालकाला शिक्षा झाली, पण मनुष्यवधाची नाही. अपघातानंतर पळून गेल्याची. आपण लेखिकाच व्हायचं, हे वॉर्ड यांनी त्यानंतर पक्कं केलं.

29 ऑगस्ट 2005. कतरिना चक्रीवादळ आदळलं तेव्हा वॉर्ड गावातच होत्या. आजीच्या घरात पाणी चढू लागलं. सगळे जीव मुठीत धरून बाहेर पडले आणि ट्रॅक्टर उभे असलेल्या एका शेतात अडकले. शेताचे गोरे मालक येऊन बघून गेले. म्हणाले, घरात जागा नाही. हवं तर शेतात थांबा. वरून वादळ कोसळतंय, आणि हे उत्तर! पुढे आसरा मिळाला तो दुसऱ्याच एका कुटुंबाकडे.

नंतर कितीतरी दिवस लेखणी उचलवेना. पहिल्या कादंबरीला प्रकाशक मिळेना, तेव्हा लेखन सोडून नर्सिंगला जायचं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात होकार आला. 2008 मध्ये 'व्हेअर द लाइन ब्लीड्स' प्रसिद्ध झाली.

2011 साली आली 'साल्व्हेज द बोन्स'. पंधरा वर्षांची गरोदर एश, तिचे भाऊ, आणि त्यातल्या एकाचा जीव की प्राण असलेली कुत्री चायना. बारा दिवसांची गोष्ट. वादळ येतं थेट अकराव्या दिवशी. तोवर आपण या घरातलेच होऊन गेलेलो असतो. वॉर्ड यांची खरी ताकद इथे आहे. बातमीत हे लोक फक्त पूरग्रस्त होते.

या कादंबरीला नॅशनल बुक अवॉर्ड, हे अमेरिकेतलं मानाचं साहित्यिक पारितोषिक, मिळालं. 2017 मध्ये 'सिंग, अनबरीड, सिंग'ला पुन्हा तेच! कादंबरीसाठी हा मान दोनदा मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्याच वर्षी मॅकआर्थर फेलोशिप, म्हणजे असामान्य प्रतिभेच्या लोकांना मिळणारी मोठी पाठ्यवृत्ती. 2022 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेतल्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा अमेरिकन कथासाहित्याचा पुरस्कार, तोही सर्वांत कमी वयात.

मधल्या काळात, जानेवारी 2020 मध्ये, पती गेले. त्या दुःखातून वाट काढत 2023 मध्ये त्यांनी 'लेट अस डिसेंड' ही कादंबरी वाचकांच्या हाती दिली. गुलाम म्हणून विकली गेलेली ॲनिस, कॅरोलिनातल्या भातशेतीपासून न्यू ऑर्लिन्सच्या बाजारापर्यंत तिची पायपीट, आणि पुढे लुईझियानातला उसाचा मळा.