जळिताच्या फडातली बुरशी

शिरोळ तालुक्यात गळीत हंगाम ऐन भरात आलेला. एखादा फड पेटला की मालकाची झोप उडते. जळिताला कपात बसते, आणि तोड लांबली तर वजनही घटतं. त्याच फडात थोड्या दिवसांनी चक्कर मारा. काळ्या पडलेल्या बुडख्यांवर सालीच्या फटीतून नारिंगी भुकटी वर आलेली दिसते. बोट लावलं की रंग बोटाला लागतो.

ही न्युरोस्पोरा नावाची बुरशी. उसावरचा रोग समजून घाबरू नका, हिचा संसार भाजल्या, मेलेल्या कांड्यांवर. मातीत झोपलेले हिचे बीजाणू आगीच्या धगीनं जागे होतात.

प्रयोगशाळेत काचेच्या लांब नळीत एका टोकाला ही पेरतात. दिवसाला आठ-दहा सेंटिमीटर पुढं सरकते. नळी संपली, दुसरीत टाका. पुन्हा तोच वेग. म्हातारपण ठाऊकच नाही!

हवाईतल्या कवाई बेटावरचे काही वाण मात्र वाढता वाढता मंदावले, थांबले, मेले. आपल्या मुंबईत, आरेमध्ये सापडलेला एक वाणही तसलाच. त्याचा शोधनिबंध १९९१ चा. दोन्हीकडं कारण एकच: मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागात, राहणारा प्लास्मिड, म्हणजे डीएनएचा एक सुटा तुकडा. कवाईचा ‘कलिलो’, आरेचा ‘मरणहार’. मरणहारची लांबी डीएनएच्या अक्षरांच्या जेमतेम ७ हजार जोड्या, पण स्वतःच्या नकला काढणारं एन्झाइम तयार करायचा जनुक त्यानं जवळच बाळगलेला.

सुटा आहे तोवर त्रास नाही. एक दिवस तो मायटोकॉन्ड्रियाच्या मूळ डीएनएत घुसतो. मग गंमत उलटी होते: धडक्या डीएनएला मागं सारून बिघडलेलाच वाढत जातो. बुरशीच्या धाग्यातल्या आडभिंतींना भोकं असतात, त्यामुळं बिघाड एका जागी थांबत नाही. शेवटी श्वसनच बंद पडतं. हा वारसा पुढच्या पिढीत जातो तो आईकडून.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रमेश महेश्वरी यांनी कर्नाटकातल्या मद्दूरच्या ऊसशेतांतून न्युरोस्पोरा गोळा केली. म्हातारे होणारे वाण तिथंही निघाले.

यावरून माणसाच्या तारुण्याच्या गोळ्या विकायला कुणी आलं तर त्याला लांबूनच नमस्कार करावा. कारण बुरशी-बुरशीतही एक नियम नाही. पोडोस्पोरा नावाच्या बुरशीचं म्हातारपण फ्रान्समध्ये जॉर्ज रिझे यांनी १९५३ मध्येच नोंदवलं होतं. तिच्या एका वाणात असाच प्लास्मिड आयुष्य चक्क वाढवतो. उपाशी ठेवली तर पोडोस्पोरा एरवी जास्त जगते. पण त्याच जातीचे प्लास्मिड असलेल्या इतर वाणांना त्या उपासाचा फारसा फायदा मिळत नाही.