नावातला क्रमांक

पडद्यावर आता जो फोल्डर उघडला आहे, त्यात व्हिडिओची एकही फाइल नाही. त्यात २४० स्थिरचित्रे आहेत, आणि सेकंदाला २४ फ्रेम या गतीने ती एकामागून एक दाखवली की दहा सेकंदांचे दृश्य तयार होते. संकलनाच्या सॉफ्टवेअरमधून दृश्य अशा सुट्या चित्रांच्या रूपात बाहेर काढणे, यालाच इमेज सिक्वेन्स एक्सपोर्ट करणे म्हणतात.

एका फाइलमध्ये जे मावते, त्यासाठी एवढा पसारा का मांडायचा? एच.२६४ सारख्या पद्धतीने संकुचित केलेल्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. बहुतेक फ्रेममध्ये शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदलले, एवढीच नोंद असते. पाहणाऱ्याला तेवढे पुरते. परंतु दृश्यात दिसणारी तार ज्याला पुसायची आहे, त्या व्हीएफएक्स (दृश्य परिणाम) कलाकाराला प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण हवी असते. शिवाय रात्रभर चाललेले रेंडर, म्हणजे संगणकाने एकेक फ्रेम तयार करून लिहिण्याचे काम, १८१व्या फ्रेमवर बंद पडले, तरी आधीची १८० चित्रे शाबूत राहतात आणि काम तेथूनच पुढे नेता येते; अर्धवट लिहिली गेलेली व्हिडिओ फाइल मात्र बहुधा उघडतच नाही.

चित्रांचा प्रकार कामावरून ठरतो. डीपीएक्स हा फिल्म स्कॅन करण्याच्या काळातला, कोडॅकच्या सिनेऑन पद्धतीतून आलेला प्रकार आहे. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेने २००३ मध्ये सर्वांसाठी खुला केलेला ओपनईएक्सआर पांढऱ्याच्याही पलीकडचा उजेड जपून ठेवतो, त्यामुळे खिडकीबाहेरचे भगभगीत आकाश नंतर कमी उजळ केले तर त्यातले ढग परत मिळू शकतात. पारदर्शक शीर्षकासाठी पीएनजी पुरेसा असतो. जेपीईजीत पारदर्शकता राहत नाही. जागेचा हिशेब मात्र आधीच करावा, कारण ४०९६ गुणिले २१६० पिक्सेलची, १० बिटची एक डीपीएक्स फ्रेम सुमारे ३५ एमबीची असते, म्हणजे आपले हे दहा सेकंदांचे दृश्यच साडेआठ जीबीच्या घरात जाते.

खरी नाजूक गोष्ट आहे ती फाइलच्या नावातला क्रमांक. ही चित्रे एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांना बांधून ठेवणारा धागा म्हणजे तो आकडा. आकड्यांआधी शून्ये भरली नाहीत, तर काही प्रणाली १ नंतर १० आणि मग २ लावतात, आणि दृश्यातला माणूस चालता चालता उड्या मारू लागतो. डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन, म्हणजे दृश्ये क्रमाने मांडलेली पट्टी, सहसा एक तासाच्या टाइमकोडपासून (प्रत्येक फ्रेमला दिलेल्या वेळेच्या आकड्यापासून) सुरू होते, म्हणून पहिल्या फाइलला ८६४०० हा क्रमांक मिळतो. नवख्याला तो बिघाड वाटतो. प्रत्यक्षात ते ३६०० सेकंद गुणिले २४ आहेत. हा क्रमांक सुबक दिसावा म्हणून बदलू नये, कारण व्हीएफएक्स कलाकाराकडून परत आलेले काम टाइमलाइनवर नेमक्या जागी बसते ते त्याच्याच आधारे.

क्रमांक क्रम सांगतो, गती सांगत नाही. डीपीएक्स आणि ओपनईएक्सआरमध्ये गती नोंदवण्याची सोय आहे, पण ती नोंद भरलेली असेलच असे नाही. हीच २४० चित्रे कोणी ३० च्या गतीने आयात केली, तर दृश्य आठच सेकंदांत संपते. आवाज तर या फोल्डरमध्ये कोठेच नसतो. तो वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढून सोबत द्यावा लागतो, आणि गती व रंगावकाश (चित्रातले रंग कोणत्या पद्धतीने नोंदवले आहेत ते) साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून देणे मला सर्वांत भरवशाचे वाटते.

फोल्डर हवाली करण्यापूर्वी ८६४०० ते ८६६३९ असे सर्व क्रमांक तपासले जातात. मोजणी २४० भरते, परंतु आकारमानानुसार यादी लावल्यावर ८६५१२ क्रमांकाची फाइल शून्य बाइटची निघते. टाइमलाइनवर तेवढ्या एका फ्रेमला इन आणि आउट (सुरुवातीची व शेवटाची खूण) लावून ती पुन्हा रेंडर केली जाते, आणि त्याच नावाने आपल्या जागी जाऊन बसते.