होयाला पाणी : मराठवाड्यातल्या घरांसाठी

(दृश्य : पूर्वेच्या खिडकीत जाळीवर चढवलेली होयाची वेल. जाड, चकचकीत पानं.)

एप्रिलमध्ये लातूर, बीड, परभणीचा पारा चाळिशी ओलांडतो आणि गॅलरीतल्या बहुतेक कुंड्या दोन दिवस पाणी चुकलं तरी माना टाकतात. होया टाकत नाही. तिच्या मांसल पानांत पाण्याचा साठा असतो. तरीही आपल्याकडे घरातल्या होया दगावतात त्या बहुधा पाण्यामुळेच. इतर झाडांसोबत तिलाही रोज सकाळी तांब्याभर पाणी मिळतं, म्हणून.

होया ही आपल्या बांधावरच्या रुईच्या कुळातली. देठ तोडला की तसाच पांढरा चीक येतो. राहणी मात्र वेगळी. रुई जमिनीत मुळं खोल घालते, तर बहुतेक होया दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या जंगलांत मोठ्या झाडांच्या अंगावर, सालीला धरून वाढतात. पाऊस आला की मुळं चिंब भिजतात, पाणी ओघळून जातं, मग वारा लागतो. त्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. होया कार्नोसासारख्या जाड पानांच्या जाती पानांची रंध्रं मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे दिवसा पाणी फार उडत नाही.

(दृश्य : काळ्या मातीचं ढेकूळ. पाणी पडताच फुगतं, चिकट होतं.)

म्हणून पाण्याआधी कुंडीत काय भरलंय ते बघा. शेतातली काळी माती कापसाला, तुरीला सोन्यासारखी. होयाला ती घालूच नका. भिजली की फुगून हवा कोंडते, वाळली की भेगाळते आणि दिलेलं पाणी भेगांतून थेट तळाशी जातं. त्याऐवजी नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग, परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) किंवा विटांची बारीक खडी एक भाग, थोडे लाकडी कोळशाचे तुकडे आणि मूठभर गांडूळखत असं मिश्रण करा. सोडणाच्या तुकड्यांत मीठ असतं. ते रात्रभर भिजवून पाणी फेका, असं दोनदा करा. कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा फार तर एक-दोन इंच मोठी असावी. मोठ्या कुंडीत मुळं पोहोचत नाहीत तिथला ओलावा सडत राहतो.

(दृश्य : दोन बोटांत धरलेलं जुनं पान अलगद वाकवलं जातं.)

पाणी कधी द्यायचं, हे वेलीलाच विचारायचं. खालच्या बाजूचं जुनं, पूर्ण वाढलेलं पान दोन बोटांत धरून हलकेच वाकवा. ताठ राहिलं, तर पाणी नको. मऊ पडून सहज वाकलं, तर तहान लागलीय. कोवळं पान नेहमीच मऊ असतं, त्यावरून ठरवू नका. जोडीला लाकडी काडी तळापर्यंत खुपसून पाहा. ओले कण चिकटून आले तर थांबा. वरचा थर वाळला एवढ्यावर विश्वास ठेवू नका, आपल्या कोरड्या हवेत तो एका दिवसात वाळतो. होया केरी फार जाड पानांची, तिचं मिश्रण पूर्ण वाळू द्यायला हरकत नाही. बारीक, मऊ पानांच्या होया लिनिअरिसला तेवढा ताण सोसत नाही.

द्यायचं तेव्हा भरपूर द्या. सहा इंची कुंडीला साधारण अर्धा लिटर, सावकाश, सगळीकडून, तळातून वाहीपर्यंत. दहा मिनिटांनी पुन्हा थोडं. ताटलीत साचलेलं पाणी पाव तासात ओता. शोभेच्या, भोक नसलेल्या कुंडीत आतली कुंडी ठेवली असेल, तर ती बाहेर काढूनच पाणी द्या. तिथे तळाशी साचलेलं कुणाला दिसत नाही. कोकोपीट पार वाळलं असेल तर ते पाणी धरत नाही, कडेने निसटून जातं. अशी कुंडी वीस-तीस मिनिटं पाण्याच्या घमेल्यात ठेवा.

उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणी हाताला चटका देतं, मुळांनाही देतं. सकाळी भरून सावलीत ठेवलेलं वापरा.

(दृश्य : कुंडीच्या काठावर साचलेला पांढरा थर.)

आता पाण्याचा कस. इथल्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. कुंडीतलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. काठावर पांढरा थर जमतो, पानांची टोकं करपतात. कपभर पाणी रोज देण्याने हे जास्त होतं, कारण काहीच वाहून बाहेर पडत नाही. उपाय एकच, क्षार धुऊन काढणं. कुंडीच्या तीन-चार पट पाणी त्यातून वाहू द्यावं लागतं. पण २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात उन्हाळ्यात कुंडी धुण्यासाठी बादली ओतू नये. पावसाळ्यात संततधार लागली की कुंडी तासभर बाहेर ठेवा आणि निथळून आत घ्या. गच्चीचं पावसाचं पाणी झाकणाच्या ड्रममध्ये धरून ठेवलं तर बरेच महिने पुरतं. होयाला लागतंच किती?

एसीच्या नळीतून येणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. स्वच्छ बादलीत धरलं तर बोअरच्या पाण्यात निम्मं मिसळून चालतं. कूलरच्या टाकीतलं मात्र नको, त्यात क्षार उलट दाटलेले असतात. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणीही तसंच.

हातात निदान काही अंदाज हवा म्हणून सांगतो. उजेडाच्या खिडकीतल्या सहा इंची प्लॅस्टिक कुंडीला एप्रिल-मेमध्ये चार ते सहा दिवसांनी, पावसाळ्यात दहा-बारा दिवसांनी, थंडीत पंधरवड्याने पाणी लागतं. मातीची कुंडी लवकर वाळते, अंधाऱ्या खोलीतली उशिरा. परभणीकडे थंडीत पारा एक आकडी होतो. तेव्हा पाणी ऊन आल्यावर द्या आणि रात्री खिडकी लावा. कळ्या धरल्या की नियम थोडा बदलतो: कुंडी पार वाळू देऊ नका, जागा हलवू नका, कूलरचा झोत लागू देऊ नका, नाहीतर कळ्या गळतात. फुलं गेल्यावर उरलेला दांडा कापू नका, पुढची फुलं त्यावरच येतात.

(दृश्य : सुरकुतलेल्या पानांच्या दोन वेली शेजारी शेजारी.)

या दोन वेली सारख्याच दिसतात. एकीला तहान लागलीय, दुसरीची मुळं कुजलीत. फरक कुंडीत आहे. मिश्रण कोरडं असेल तर नीट भिजवा, काही दिवसांत पानं भरतात. मिश्रण ओलं असूनही पानं सुरकुतलेली असतील तर पाणी शोषायला मुळंच उरलेली नाहीत, आणि इथेच माणसं घाबरून आणखी पाणी घालतात. वेल बाहेर काढा. पांढरी किंवा फिकट, टणक मुळं ठेवा. तपकिरी, बोटांनी दाबली की सालटं निघणारी कापा. कोरड्या, नव्या मिश्रणात लहान कुंडीत लावा आणि चार-पाच दिवस पाणी देऊ नका.

मुळं सगळीच गेली असतील तर दोन-तीन पेऱ्यांच्या काड्या घ्या. पेरं म्हणजे वेलीवर जिथून पान फुटतं तो सांधा. पेऱ्याच्या जरा खाली कापा, चीक सुकू द्या, खालची पानं काढून एक पेरं ओलसर कोकोपीटमध्ये पुरा. वरून पारदर्शक पिशवी सैल घाला, उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. मुळं धरायला तीन ते सहा आठवडे लागतात. पेरं नसलेलं नुसतं पान लावू नका: बाजारात बदामाच्या आकाराचं होया केरीचं एकच पान कुंडीत विकतात, ते मुळं धरून वर्षानुवर्षं हिरवं राहतं, पण पेरं नसेल तर त्याची वेल होत नाही.