मोठ्यानं वाच, सिस्टर

[दृश्य : मेडिसीन वॉर्ड, औषधांची ट्रॉली]

सकाळच्या औषधांची वेळ. महाराष्ट्रातल्या एका जिल्हा रुग्णालयाचा हा मेडिसीन वॉर्ड. ट्रॉलीशी उभी आहे जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या, तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. व्हायल डोळ्यांसमोर धरून ती लेबलावरचं नाव मोठ्यानं म्हणते, तुकड्यातुकड्यांनी. सेफ्-टा-झि-डिम. मग बोट केस पेपरवर. तिथलं नावही तसंच, सुटं सुटं. दोन्ही जुळली, शेजारच्या स्टाफ सिस्टरनी मान हलवली, की मगच सिरिंजचं पाकीट फाटतं.

याच कप्प्यात सेफोटॅक्सिम आहे, सेफ्ट्रिॲक्सोनही आहे. सारख्याच बाटल्या, आत तशीच पावडर. घाईत कुणाचीही नजर फसेल. हिला डिस्लेक्सिया आहे, आणि म्हणूनच ती नुसत्या नजरेवर कधी विसंबत नाही.

नाव सांगायचं नाही, एवढी एकच अट तिनं घातली. ती आम्ही पाळतो आहोत.

[दृश्य : होस्टेलची खोली, पुस्तकं]

डिस्लेक्सियाचा बुद्धीशी संबंध नाही. अक्षर दिसल्याबरोबर त्याचा उच्चार मनात उमटावा, ही सांगड इतरांच्या बाबतीत आपोआप बसते, हिला ती दर वेळी मुद्दाम घालावी लागते. मराठी बरीचशी लिहिल्यासारखीच वाचली जाते. त्यामुळे मराठी शाळेत सावकाश वाचणारं मूल कसंबसं निभावून नेतं. जोडाक्षरांना अडखळतं, वेलांट्या चुकतात, अक्षर वाईट म्हणून ओरडा खातं, पण पुढच्या वर्गात जातं. नर्सिंगला आलं की पुस्तकं इंग्रजी. न्यूमोनियाची सुरुवात 'पी'नं, सोरायसिसचीही 'पी'नंच, आणि दोन्हीकडे त्या 'पी'चा उच्चारच नाही. हे पाठ करण्यात तिचं पहिलं वर्ष गेलं.

नववीत शाळेतल्या एका बाईंना शंका आली होती. त्यांनी आईला बोलावून घेतलं, तपासणीला पाठवलं. दाखला मिळाला, दहावीला जादा वेळही मिळाला. महाराष्ट्रात दहावीच्या मुलांना अशा सवलती १९९६ पासून आहेत. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी अध्ययन अक्षमतेची, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणींची, तपासणी कित्येक वर्षं होते आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं २१ प्रकारांच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमतेला जागा दिली, आधीच्या १९९५ च्या कायद्यात ती नव्हतीच. म्हणजे कायदा आहे, दाखला आहे. तरीही नर्सिंगला प्रवेश घेताना हिनं तो दाखला ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिला. “वाचता येत नाही ती इंजेक्शन काय देणार, असं म्हणतील,” ती सांगते. अशी भीती एखाद्या मुलीला वाटते, याचा जाब तिला नाही, आपल्याला द्यावा लागेल.

तिच्या ट्युटर मॅडमना वेगळंच कोडं पडलं होतं. वॉर्डात विचारलं की फडाफडा उत्तरं, पेशंटच्या अंगावरची सूज हिच्या नजरेतून कधी सुटली नाही, आणि लेखी पेपरात मात्र जेमतेम मार्क. त्यांनी रागावण्याऐवजी विचारलं. दाखला ट्रंकेतून बाहेर आला.

[दृश्य : वही, जवळून]

ही तिची वही. एका पानावर एकच औषध. वर नाव, फोडून लिहिलेलं. खाली बाटलीचं चित्र, झाकणाच्या रंगासकट. कडेला लाल शाईत त्या औषधाची 'भावंडं', म्हणजे दिसायला किंवा ऐकायला सारखी नावं. डोपामिनच्या पानावर डोब्युटामिन. ॲट्रोपिनच्या पानावर ॲड्रेनालिन.

रंग तिला लवकर लक्षात राहतात, आणि वॉर्डात रंगांची भाषा आधीपासूनच आहे. शिरेत घालायची २० नंबरची कॅन्युला, म्हणजे बारीक नळी, गुलाबी, २२ ची निळी, लहान मुलांची २४ ची पिवळी. इन्सुलिनच्या ४० युनिटच्या सिरिंजला लाल टोपी, १०० च्या सिरिंजला नारिंगी. ही टोपी चुकली तर डोस चुकतो, म्हणून टोपी, बाटली आणि केस पेपर ती शेजारीशेजारी ठेवते.

[दृश्य : सलाईनचे थेंब, मनगटावरचं घड्याळ]

५०० मिली सलाईन, ८ तासांत. सेटला एका मिलीचे २० थेंब. तीन चौकोन, प्रत्येकात एकच आकडा, मग भागाकार. मिनिटाला साधारण २१ थेंब. उत्तर आधी स्टाफ सिस्टरना दाखवायचं, मग चकती फिरवायची. घड्याळ लावून थेंब मोजताना तिचा चेहरा बघा.

ड्युटी बदलताना ओव्हर देणं, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला सांगणं, तिला सगळ्यांत जड जायचं. आता ठरलेला क्रम आहे : पेशंट कोण, आत्ता काय होतंय, आधी काय झालं, तपासणीत काय आढळलं, पुढे काय करायचं. बेड नंबरातला एकेक आकडा ती सुटा म्हणते, आणि ओव्हर घेणारी सिस्टर तो परत म्हणून दाखवते.

यातलं काहीच तिच्यापुरतं नाही. दोघींनी मिळून औषध तपासणं, नाव मोठ्यानं वाचणं, ऐकलेलं परत म्हणणं, हे चांगल्या नर्सिंगमध्ये सगळ्यांनीच करायचं असतं. गर्दीत, अपुऱ्या स्टाफमध्ये ते सुटतं. हिला ते सोडून चालत नाही. अशी मुलगी आम्हाला वॉर्डात हवी आहे, असं आम्ही ठासून सांगतो.

[दृश्य : कॉलेजचा व्हरांडा]

तिसऱ्या वर्षाची परीक्षा झाली, निकाल लागला, ती पास झाली. नोंदणीचे कागद महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे गेले आहेत.

ट्युटर मॅडम आता नव्या बॅचला पहिल्याच आठवड्यात सांगतात : कुणाकडे शाळेतला असा दाखला असेल तर आणून द्या, पेपरच्या वेळेचं आधी बघून ठेवता येतं. यंदा दोघींनी आणून दिला. त्यातली एक हीच वही झेरॉक्स करायला घेऊन गेली आहे.