न झालेल्या भेटीची नोंद

श्रोतेहो, नमस्कार.

मी सोशल वर्कर आहे. एक सहकारी रजेवर होता, म्हणून त्याच्या देखरेखीतल्या एका मुलाच्या घरी मी गेले होते. त्याच्या वहीत तीन महिन्यांच्या गृहभेटी होत्या, साऱ्या एकाच शाईत, एका बैठकीत लिहिल्यासारख्या. 'मूल बरे आहे. घरचे वातावरण समाधानकारक.' दार आजीनं उघडलं. म्हणाली, "आलं बाई कुणीतरी! किती दिवस वाट बघत होतो." आत मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्यानं मानही वळवली नाही.

वरती सांगायचं की नाही, हा प्रश्न मला तिथेच पडला. लोकांना वाटतं, सोशल वर्कर नोकरीच्या भीतीनं गप्प बसतो. भीती असतेच. पण माझी जीभ अडली ती मायेपोटी. माझ्या अडचणीच्या दिवसांत याच माणसानं माझी कामं अंगावर घेतली होती, आणि कामाच्या ओझ्याखाली तो पिचलेलाही होता. मग मन पळवाटा काढतं. एकदाच झालं असेल, मॅडमना ठाऊक असेलच.

त्या रात्री मी सगळं लिहून काढलं. तारीख, वेळ, डोळ्यांनी पाहिलं ते एकीकडे, ऐकलं ते दुसरीकडे. कागदावर उतरलं की दमलेल्या माणसाची हयगय कुठली आणि लबाडी कुठली, हे बरंचसं निवळतं. अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची आचारसंहिता सांगते की जमण्यासारखं असेल आणि उपयोग होणार असेल, तर आधी त्या सहकाऱ्याशीच बोला, मग रीतसर मार्गानं जा. मला हे पटतं. मात्र मुलाला आज, आत्ता धोका असेल तर या पायऱ्या चढत बसू नये. आणि दोष वरिष्ठाचाच असेल तर कागद त्याच्याच टेबलावर ठेवून काय उपयोग?

अशा वेळी मला पीटर बक्स्टन आठवतात. ते अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेत गुप्तरोगाच्या रुग्णांच्या मुलाखती घेत. याच सेवेचा अमेरिकेतल्या टस्कीगी इथे १९३२ पासून सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिस या गुप्तरोगाचा अभ्यास चालू होता. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता, आणि पेनिसिलीन हे त्यावरचं औषध आल्यावरही ते त्यांना दिलं गेलं नाही. सहकाऱ्यांच्या बोलण्यातून बक्स्टनना हे कळलं. १९६६ मध्ये त्यांनी लेखी हरकत घेतली, १९६८ मध्ये पुन्हा घेतली. दोन्ही वेळा उपयोग झाला नाही. अखेर १९७२ मध्ये त्यांनी ही माहिती पत्रकाराकडे दिली आणि तो अभ्यास बंद पडला. आतले सारे दरवाजे ठोठावून झाल्यावर ते बाहेर गेले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मी त्या सहकाऱ्याशी बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर." दुसऱ्या दिवशी मी लेखी दिलं. आमचं बोलणं त्यानंतर तुटलं, ते आजही मला सलतं. त्या घरी आता दुसरी कार्यकर्ती जाते. तिच्या तिसऱ्या भेटीत मुलानं भिंतीकडून तोंड वळवलं आणि तिचं नाव विचारलं.