चाकाला वंगण नाही

(पडदा काळा. लाकडी चाकाची कुरकुर. दुसरा आवाज नाही.)

ही कुरकुर नीट ऐकून घ्या. नकोशी होईपर्यंत ऐका. चित्रपटातही ती तशीच येते, थांबता थांबत नाही. तीन छपरी गाड्या, पुढे बैल, बाजूनं पायी चालणारी माणसं, आणि हे चाक.

चित्रपटाचं नाव ‘मीक्स कटऑफ’. दिग्दर्शिका केली रायकार्ट. 2010 साली व्हेनिसच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला, पुढच्या वर्षी अमेरिकेत लागला. लांबी 104 मिनिटं. म्हणायला वेस्टर्न. म्हणजे टोप्या आहेत, दाढ्या आहेत, ओसाड माळ आहे, बंदुकाही आहेत. पण बंदुकीची गोळी शेवटपर्यंत कुणाला लागत नाही.

आणि इथंच प्रेक्षकांची पहिली तक्रार येते. ‘यात काहीच घडत नाही.’

ही तक्रार करणाऱ्यांना मी हसणार नाही. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी स्वतः मध्येच झोपले होते. त्याआधी दहा मिनिटं टीव्हीचं सेटिंग तपासण्यात घालवली, कारण चित्र दोन्ही बाजूंनी कापल्यासारखं दिसत होतं.

(दृश्य: चौकोनी चौकटीत उजाड माळ. डाव्या कडेनं एक गाडी आत येते.)

सेटिंग बरोबर होतं. चौकटच अशी आहे, उंचीच्या 1.37 पट रुंद, म्हणजे जवळजवळ चौकोनी. जुन्या बोलपटांची असायची तशी. वेस्टर्न म्हटलं की आपल्याला काय आठवतं? ‘शोले’. 70 एमएमचा पडदा, रामगडचे खडक, या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेलं आभाळ. रुंद पडद्यावर दरोडेखोर लांबून येताना दिसतो, आणि तो पोचेपर्यंत आपल्याला घाबरायला वेळ मिळतो. रायकार्टनं नेमकं तेच काढून घेतलं. मुलाखतींमधून तिनं सांगितलंय की रुंद चौकटीत उद्या कुठं पोचणार हे आजच दिसून जातं, आणि या माणसांना तर उद्याचं काहीच ठाऊक नाही. शिवाय बायकांच्या डोक्यावर खोल टोप्या आहेत. टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात ना, तशा. समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं नाही. आपणही सगळा चित्रपट त्या टोपीतून पाहतो.

हे कळल्यावर चौकट आवडलीच पाहिजे असं नाही. पण मग टीव्हीला शिव्या देणं थांबतं.

आता गोष्ट. साल 1845. अमेरिकेत पूर्वेकडून निघालेली कुटुंबं पश्चिमेच्या ऑरेगनला जमीन मिळणार म्हणून महिनोन्‌महिने चालतायत. ठरलेली वाट आहे, पण तिच्यावर ब्लू माउंटन्स लागतात, आणि तिथं स्थानिक टोळ्या बिथरल्यात अशी बातमी आहे. स्टीफन मीक नावाचा, फासे लावून कातड्यांचा धंदा केलेला वाटाड्या म्हणतो, मला जवळची वाट माहीत आहे. नावातला ‘कटऑफ’ म्हणजे हीच जवळची वाट. ही सगळी खरी घडलेली हकिगत. खऱ्या मीकच्या मागे सुमारे 200 गाड्या आणि हजाराच्या आसपास माणसं गेली. चित्रपटात उरल्यात तीन गाड्या, तीन कुटुंबं. गोष्ट सुरू होते तेव्हा वाट चुकून झालेली आहे. सुरुवातीला एक जण वाळक्या ओंडक्यावर चाकूनं एकच शब्द कोरतो, ‘हरवलो’. त्याआधी बराच वेळ कुणी बोलतही नाही. नदी ओलांडली जाते, सामान डोक्यावर, पिंजऱ्यातला पक्षीसुद्धा. भांडी धुतली जातात. पाणी भरलं जातं.

पाणी भरणं हेच यातलं मोठं दृश्य. मी ते झोपेत घालवलं होतं.

दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा आई शेजारी बसली होती, तांदूळ निवडत. तिला इंग्रजी येत नाही. ती माण तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात तिचं वय बारा. मोठी माणसं खडी फोडायला जायची आणि घरातलं पाणी हिच्याकडे. मी मनात म्हटलं, पाच मिनिटांत उठेल. पाचव्या मिनिटाला ती म्हणाली, ‘अगं, त्या चाकाला वंगण नाही का?’

मी म्हटलं, असेल, मला काय माहीत.

‘संपलं असणार. आपल्याकडं गाडीवान उपाशी राहील, पण वंगणाचं नळकांडं रिकामं ठेवणार नाही. वंगण संपलंय म्हणजे लई दिवस झालेत यांना निघून.’

चित्रपटात ही गोष्ट कुणी बोलून दाखवत नाही. चाकच बोलतं.

मग ती तांदूळ विसरली. पिंपात पाणी किती उरलंय ते ती मोजत होती, आणि माझं अर्धं लक्ष तिच्याकडे होतं. उतारावरून गाड्या दोर लावून सोडतात, तो एक प्रसंग आहे. पुरुष दोर धरून मागं रेललेत, गाडी इंच इंच खाली जातेय, हात सोलवटतायत. तिसरी गाडी सुटते आणि खाली जाऊन फुटते. सोबत पिंप. आई इतक्या जोरात ‘गेलं!’ म्हणाली की शेजारच्या खोलीतून बाबा आले. त्यांना वाटलं, क्रिकेट चालू आहे.

(दृश्य: फुटलेलं पिंप. माती क्षणभर ओली, मग कोरडी.)

‘काहीच घडत नाही’ या तक्रारीचं माझ्यापुरतं उत्तर तिथं मिळालं. घडतं ते कुणाच्या नजरेला घडलेलं दिसतं, हा प्रश्न आहे. नळ सोडला की पाणी येतं अशा घरात वाढलेल्या माझ्यासारखीला पिंप फुटणं म्हणजे सामानाचं नुकसान. तिला ते खुनासारखं वाटलं.

या चित्रपटावरून एक जाहीर भांडणही झालं होतं. 2011 च्या वसंतात ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रविवार-पुरवणीत डॅन कॉइस नावाच्या लेखकानं एक कबुली लिहून टाकली: असे संथ, गंभीर चित्रपट आपण आवडीनं कमी आणि कर्तव्य म्हणून जास्त पाहतो, पानातली भाजी संपवावी तसे. ‘मीक्स कटऑफ’ हे त्याच्या यादीतलं ताजं नाव. आपल्या भाषेत सांगायचं तर हा चित्रपट म्हणजे कारलं. अंगाला चांगलं असतं, खा. त्याच वर्तमानपत्राचे चित्रपट-समीक्षक मनोला डार्गिस आणि ए. ओ. स्कॉट यांनी जूनमध्ये उत्तर दिलं, आणि मथळ्यातच संथ नि कंटाळवाण्याची बाजू घेतली. डार्गिसचं म्हणणं मला पटतं. ती विचारते, कंटाळवाणं म्हणजे नक्की काय? तिला त्याच हंगामातला ‘हँगओव्हर’चा दुसरा भाग कंटाळवाणा वाटला होता, जिथं सतत काहीतरी फुटत, आपटत असतं.

पण कॉइसचा प्रामाणिकपणाही मला आवडला. महोत्सवात रांग लावून शिरणारे, अर्धा चित्रपट घड्याळाकडे बघत काढणारे आणि बाहेर आल्यावर ‘काय फ्रेम होत्या!’ म्हणणारे मी कमी पाहिलेले नाहीत. त्यांच्यात मीही होते. फक्त कारल्याची उपमा इथं बसत नाही. आईनं तो चित्रपट अंगाला चांगला म्हणून पाहिला नव्हता. पाण्याचं काय होतंय, ते तिला बघायचं होतं.

(दृश्य: रात्र. एक कंदील. चेहरे जेमतेम.)

दुसरी मोठी तक्रार, दिसत नाही आणि ऐकू येत नाही. रात्रीची दृश्यं खरंच काळी आहेत. कॅमेरामन क्रिस्टोफर ब्लोवेल्ट. कंदिलाचा उजेड पोचेल तेवढंच दिसतं, बाकी अंधार. लॅपटॉपवर, भरदुपारी, पडदे उघडे ठेवून पाहाल तर खरंच काही दिसणार नाही. आणि ऐकू न येण्याचं कारण आणखी वेगळं. पुरुष लांब उभे राहून बोलतात. पुढं जायचं की मागं, मीकचं ऐकायचं की त्याला फासावर द्यायचं. कॅमेरा मात्र बायकांजवळ थांबतो. वाऱ्याबरोबर दोनचार शब्द येतात, ते वेचायचे. काय ठरलं ते रात्री नवरा सांगेल तेव्हा कळणार. आपल्याकडे ओसरीवर बैठक बसायची आणि आतल्या दारामागं बायका उभ्या राहायच्या, त्यांना या ध्वनिमुद्रणात कुठलाच दोष सापडला नसता.

यातली एमिली, म्हणजे मिशेल विल्यम्स, हळूहळू त्या दारामागून पुढं येते. हळूहळू म्हणजे खरोखरच हळूहळू. तिच्या एका प्रसंगावर प्रेक्षक फार बोलतात. लाकडं वेचताना तिला समोर एक अनोळखी इंडियन, म्हणजे तिथला मूळ रहिवासी, दिसतो. ती गाडीकडे जाते, बंदूक काढते, बार उडवते, लांब गेलेल्या पुरुषांना इशारा म्हणून. आता दुसरा बार. पण ही ठासणीची बंदूक. दारू ओता, गोळी घाला, गज ठासा. सगळं आपल्या डोळ्यांसमोर, एकाच दृश्यात, कुठंही न कापता. एरवीच्या वेस्टर्नमध्ये नायक सहा गोळ्यांत सात माणसं पाडतो. इथं दोन गोळ्यांच्या मध्ये इतका वेळ जातो की समोरचा माणूस निवांत निघून गेलेला असतो. काहींना हे विनोदी वाटतं. मला वाटतं, त्या काळच्या बंदुकीबद्दल याहून खरं काही मी पाहिलेलं नाही.

पुढं तो इंडियन पकडला जातो. रॉड रोंडो या नटानं तो केलाय. तो स्वतःच्या भाषेत बोलतो आणि पडद्यावर भाषांतर येत नाही. मीकला तो मारायचाय. एमिली त्याचं फाटलेलं पायताण शिवून देते. दयेपोटी नाही. त्यानं आपलं देणं लागावं, असं ती स्पष्ट म्हणते. या हिशोबीपणामुळे ती मला खरी वाटते. काही प्रेक्षकांना ती एकदम आधुनिक बाई वाटते, 1845 मधली नव्हे. पण माणूस संकटात हिशोब करतो, त्याला साल कशाला लागतं?

इंडियनाबद्दलची तक्रार मात्र मी मान्य करते. तो काय बोलतो, त्याला काय हवंय, हे आपल्याला शेवटपर्यंत कळू दिलेलं नाही. त्या गोऱ्या माणसांनाही कळत नाही, म्हणून आपल्यालाही नाही, हे तर्काला धरून आहे. तरी दीड तासाहून मोठ्या चित्रपटात त्या एका माणसाला कोडं बनवून ठेवणं, हे जुन्या वेस्टर्ननीही केलंच होतं. रायकार्टनं ते अधिक सभ्यपणे केलं, इतकंच. तरुण मिली गेटलीचं पात्रही मला पातळ वाटलं. घाबरणं यापलीकडे तिला काम नाही.

बुशच्या इराक युद्धाचा अर्थ यात शोधणारेही खूप. वाट माहीत नसलेला, पण आवाज चढवून बोलणारा पुढारी, त्याच्या मागं गेलेली माणसं, आणि परत फिरायला झालेला उशीर. पटकथाकार जॉन रेमंड आणि दिग्दर्शिका दोघांच्याही मनात तो काळ होता. अर्थ बसतो. पण असा पुढारी ओळखायला वॉशिंग्टनपर्यंत जायची गरज नाही. ब्रूस ग्रीनवुडचा मीक दाढीमागून जे रेटून बोलतो, ते आपण प्रत्येक लग्नाच्या बसमध्ये ऐकलंय. ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला एक काका असतो, त्याला शॉर्टकट ठाऊक असतो.

(दृश्य: माळावर एकच झाड. वरचा भाग वाळलेला, खाली थोडा पाला.)

आता शेवट. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथं थांबायला हरकत नाही. पण खरं तर लपवण्यासारखं त्यात काही नाही.

एक झाड सापडतं. झाड आहे म्हणजे जवळ पाणी असणार, असं कुणी म्हणतं. मीक हार मानतो, यापुढं तुम्ही सांगाल तसं, म्हणतो. एमिली फांद्यांमधून बघते. तो इंडियन पाठ फिरवून माळावर चालत जातोय. पडदा काळा. संपलं.

इथं थिएटरमध्ये लोक ओरडल्याच्या हकिगती आहेत, आणि मला त्यात नवल वाटत नाही. आमच्या घरीही झालं. आई म्हणाली, ‘हे काय? पाणी लागलं का नाही?’ मी म्हटलं, सांगितलेलं नाही. ती चिडली. दोन दिवस चिडली होती. मग म्हणाली, झाड अर्धं वाळलंय, म्हणजे पाणी आहे पण खाली गेलंय, खणावं लागेल. तिनं तिच्यापुरता चित्रपट पूर्ण केला. मी अजून केलेला नाही.

इतिहासानं मात्र तो पूर्ण केलेला आहे. खऱ्या तांड्याला पाणी लागलं, पण तोवर पाण्याची टंचाई, उपासमार आणि ताप यांनी वाटेत वीसहून जास्त माणसं गेली. मुक्कामाला पोचल्यावर आणखी गेली. अखेर ते डेशूट्स नदीवर येऊन थडकले. खोल दरी, जोराचा प्रवाह. मदत मागायला कुणीतरी पलीकडे जायलाच हवं होतं. त्याच वेळी मीकला निरोप आला की वाटेत मुलं गमावलेला एक बाप बंदूक घेऊन त्याला शोधतोय. मीकला घाईनं नदी पार करावी लागली, आणि ती पार करून दिली तिथल्या इंडियनांनी, दोर लावून.

पलीकडून मदत आली. ती घेऊन आला मोझेस हॅरिस नावाचा दुसरा जुना वाटाड्या. मीक पुढं 1889 पर्यंत जगला.

आणि चित्रपटातला मीक एकटा आहे, खरा नव्हता. त्याच प्रवासाच्या सुरुवातीला त्यानं तांड्यातल्या एका कोवळ्या मुलीशी लग्न केलं होतं. एलिझाबेथ तिचं नाव. डेशूट्सच्या त्या दोरावरून तीही गेली.