सिग्नलच्या चौकात पादचाऱ्याच्या वाट्याला येणारे सेकंद

पुण्यात लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर हे विसर्जन मिरवणुकीचे चारही रस्ते ज्या ठिकाणी एकत्र येतात, त्या चौकाचे कागदोपत्री नाव टिळक चौक असले, तरी पुणेकर त्याला अलका चौकच म्हणतात. अनंत चतुर्दशीला हा चौक पायी चालणाऱ्यांचा असतो. एरवी वर्षभर त्याच चौकात पलीकडे जाणारा माणूस उजवा तळहात वर करून, गाड्या थोपवत, अर्धा चालत आणि अर्धा पळत रस्ता ओलांडतो. जिथे सिग्नल नाही तिथे असा हात दाखवावा लागणे समजू शकते. पण जिथे सिग्नल चालू आहे, झेब्रा पट्टे रंगवलेले आहेत आणि पोलीसही उभा आहे, तिथे तो का दाखवावा लागतो, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे.

याचे आपल्याकडचे ठरलेले उत्तर म्हणजे ‘लोकांना शिस्त नाही’. ते मला पुरेसे वाटत नाही. सिग्नल हे मुळात वेळ वाटून देण्याचे यंत्र आहे, आणि आपल्या बहुतेक चौकांत ही वाटणी करताना पादचाऱ्याच्या नावावर एकही सेकंद मांडलेला नसतो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही पडताळता येईल असा हा हिशेब आहे.

चार रस्त्यांचा एक साधा चौक डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे प्रचलित पद्धत अशी की, एका वेळी एकाच रस्त्यावरची वाहने सोडायची आणि त्यांना सरळ, डावीकडे व उजवीकडे जाऊ द्यायचे. मग दुसरा रस्ता, मग तिसरा, मग चौथा. आता यांपैकी एक रस्ता तुम्हाला ओलांडायचा आहे. त्याचे दोन भाग आहेत : वाहने चौकाकडे येतात ती बाजू आणि वाहने चौकातून बाहेर पडतात ती बाजू. येणारी बाजू चारपैकी तीन पाळ्यांमध्ये थांबलेली असते, त्यामुळे ती ओलांडणे सोपे असते. जाणाऱ्या बाजूवर मात्र त्या तीनही पाळ्यांमध्ये वाहने येत राहतात, कारण समोरच्या रस्त्यावरून सरळ, एका बगलेच्या रस्त्यावरून डावीकडे आणि दुसऱ्या बगलेच्या रस्त्यावरून उजवीकडे वळून येणारी प्रत्येक गाडी शेवटी याच बाजूने बाहेर पडते. जाणारी बाजू मोकळी होते ती फक्त त्या रस्त्याची स्वतःची पाळी असताना, आणि नेमक्या त्याच वेळी येणारी बाजू भरधाव वाहत असते. म्हणजे पादचाऱ्यासाठी स्वतंत्र पाळी नसेल, तर संपूर्ण रस्ता एका दमात ओलांडता येईल असा एकही क्षण सिग्नलच्या पूर्ण आवर्तनात येत नाही. सर्वांनी नियम तंतोतंत पाळले तरीही येत नाही! तळहात वर करणारा माणूस बेशिस्त नसतो. त्याला दुसरा मार्गच ठेवलेला नसतो.

यावर ‘फ्री लेफ्ट’ची भर पडते. डावीकडे वळणाऱ्याला सिग्नल लागू नाही असे एकदा ठरवले की, जाणाऱ्या बाजूला मिळणारी ती एकुलती एक मोकळी पाळीही बगलेच्या रस्त्यावरून वळणारी वाहने खाऊन टाकतात, आणि मग रस्त्याचा तो अर्धा भाग दिवसभरात कधीच थांबत नाही. वाहने अडू नयेत म्हणून कोपरा गोलसर कापलेला असल्याने वळताना वेगही कमी करावा लागत नाही, शिवाय त्या कापलेल्या कोपऱ्यात पदपथ संपतो तो वेगळाच. चौक सुधारण्यासाठी एकच गोष्ट करायची मुभा मला मिळाली, तर मी दाट वस्तीतले सगळे फ्री लेफ्ट आधी बंद करीन.

दुसरा उपाय म्हणजे रस्त्याच्या मधोमध थांबण्यासाठी जागा. दोन्ही बाजू एकाच वेळी मोकळ्या होत नसतील, तर ओलांडणे दोन टप्प्यांत होऊ द्यावे : येणारी बाजू इतर तीन रस्त्यांपैकी कोणाच्याही पाळीत, मध्ये थांबा, आणि जाणारी बाजू त्या रस्त्याच्या स्वतःच्या पाळीत. फ्री लेफ्ट नसेल आणि त्या ठिकाणी यू-टर्नला परवानगी नसेल, तर हे बिनधोक जमते. पण त्यासाठी मधली जागा निदान दोन मीटर रुंद हवी, कारण हातात धरलेली सायकल किंवा बाबागाडी ढकलणारी आई त्याहून कमी जागेत मावत नाही. आपले दुभाजक बहुधा हातभर रुंदीचे असतात आणि त्यांवर कुंड्या किंवा लोखंडी जाळी असते. मध्ये अडकलेल्या माणसाला त्या कुंडीला खेटून उभे राहावे लागते.

तिसरा मार्ग पादचाऱ्यांना स्वतंत्र पाळी देण्याचा, म्हणजे सर्व वाहने थांबवून सर्व दिशांनी चालू देण्याचा. अमेरिकेत डेन्व्हरचे वाहतूक अभियंता हेन्री बार्न्स यांनी १९५०च्या दशकात ही पद्धत लोकप्रिय केली, आणि टोकियोतील शिबुया चौकाची छायाचित्रे तर आपण सर्वांनी पाहिली आहेत. ती येथे उचलून लावण्याआधी मात्र तिची किंमत नीट पाहायला हवी.

समजा, रस्ता चौदा मीटर रुंद आहे. आराखडे करताना चालण्याचा वेग सर्वसाधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे ओलांडायला सुमारे १२ सेकंद लागतील. रस्त्यावर उतरून पहिले पाऊल टाकायला ८ सेकंद धरले, तर पाळी २० सेकंदांची झाली. प्रत्येक रस्त्याला ४० सेकंद आणि ही पाळी मिळून आवर्तन १८० सेकंदांचे होते, आणि कोणत्याही क्षणी येऊन पोहोचणाऱ्या माणसाला सरासरी ८२ सेकंद थांबावे लागते. तीसेक सेकंदांनंतर चालणाऱ्याचा धीर सुटू लागतो, हे वाहतूकशास्त्रात मान्य झालेले आहे. म्हणून हिरवा माणूस बसवला, तरी तो न पाहताच लोक उतरतात आणि पुन्हा शिस्तीवर भाषणे होतात. आवर्तन १२० सेकंदांचे केले, तर तीच सरासरी ५२ सेकंदांवर येते. मात्र प्रत्येक पाळी बदलताना साधारण चार सेकंद वाया जातात, त्यामुळे पाच पाळ्यांच्या १८० सेकंदांत ११ टक्के असलेला अपव्यय १२० सेकंदांत सुमारे १७ टक्के होतो. हा तोटा खरा आहे आणि तो लपवून पादचाऱ्यांची बाजू मांडणे मला प्रामाणिक वाटत नाही. पण तो सोसावा की नाही, हा प्रश्न तरी चौकाच्या आराखड्यात विचारला गेला पाहिजे.

१.२ मीटरचा वेगही तपासायला हवा. गुडघे दुखणारे आजोबा सेकंदाला ०.९ मीटर चालत असतील, तर तेच चौदा मीटर त्यांना सुमारे १६ सेकंद घेतील, आणि ते आठव्या सेकंदाला उतरले असतील, तर शेवटचे चार सेकंद ते सुटलेल्या दुचाकींसमोर असतील. अमेरिकेच्या सिग्नल-आराखड्यांच्या नियमपुस्तिकेने २००९ साली हा वेग सेकंदाला चार फुटांवरून साडेतीन फुटांवर आणला. त्याच वर्षी सिंगापूरने ‘ग्रीन मॅन प्लस’ ही सोय सुरू केली. ज्येष्ठ नागरिकाने आपले कार्ड खांबावरच्या यंत्राला लावले की, रस्त्याच्या रुंदीनुसार ३ ते १३ सेकंद वाढवून मिळतात. मुंबईत २०२० साली दादर परिसरातील सिग्नलवर पुरुषाच्या जोडीने स्त्रीची आकृती झळकली, तेव्हा तिचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. त्या आकृतीला वाट्याला किती सेकंद आले, हे कोणी मोजलेले माझ्या पाहण्यात नाही.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत ३२,८२५ पादचारी मृत्युमुखी पडले; एकूण मृत्यूंमध्ये हे प्रमाण जवळपास पाचात एक होते. हा आकडा सर्व रस्त्यांचा आहे, केवळ चौकांचा नव्हे. तो ऐकला की पादचारी पुलाची मागणी हमखास होते. पण वाहनांच्या डोक्यावरून जाणाऱ्या पुलासाठी सहा मीटर चढायचे म्हणजे चाळीसेक पायऱ्या वर आणि तेवढ्याच खाली. ज्याला खाली चौदा मीटर चालायला त्रास होतो, त्याच्यासाठी ही सोय नाही. ती खालून जाणाऱ्या गाड्यांची सोय आहे.

शेवटी थांबरेषेबद्दल. झेब्रा पट्ट्यांवर दुचाकी येऊन उभ्या राहतात, याचे एक कारण सिग्नलच्या खांबाच्या जागेत आहे. वाहनचालकाला दिसणारा दिवा चौकाच्या पलीकडे असला की, तो पट्टे ओलांडून कितीही पुढे गेला तरी त्याला दिवा दिसतच राहतो, आणि उलटे मोजणारे आकडेही दिसतात; मग शून्य होण्याआधी तीन सेकंद सगळे निघतात. जर्मनी आणि फ्रान्समध्ये मुख्य दिवा बहुधा अलीकडच्या बाजूला, थांबरेषेजवळच असतो. पुढे सरकलेल्या चालकाला तो मान मागे वळवून पाहावा लागतो, म्हणून तो आपणहून रेषेच्या आत थांबतो. आपल्याकडे असे केले, तर सुरुवातीचे काही महिने पुढे गेलेल्यांना सिग्नल सुटल्याचे मागच्यांच्या हॉर्नवरूनच कळेल.